बाबूजी बॅगेवर, मामा पायी

अकोल्याच्या स्टेशनावर सभ्यपणे वाहन चालवणारा मी पहिला आणि बहुतेक शेवटचा माणूस. वाहन म्हणजे बॅग. (आत्ताच हसू नका, पुढं लागेल!)

माझा उजवा गुडघा रेल्वेच्या फाटकासारखा आहे. एकदा बंद पडला की उघडायचं नाव नाही. म्हणून पुण्याच्या लेकीनं मला बसून चालवायची बॅग पाठवली. खाली चाकं, पोटात बॅटरी, दांड्याला अंगठ्यानं दाबायचा खटका. वर बसा, दाबा, निघा! वरून फोनवर ताकीद : "बाबा, चालणाऱ्याचा मान पहिला. हॉर्न वाजवायचा नाही. मागून येताना आधी आवाज द्यायचा."

मी तिथल्या तिथे शपथ घेतली. जीव गेला तरी कुणाला धक्का लागू देणार नाही! आठवडाभर अंगणात कोंबड्यांमधून सराव केला. एकीचंही पीस हललं नाही. (एकीनं त्या दिवसापासून अंडी देणं बंद केलं, पण तो तिचा खाजगी प्रश्न.)

आणि प्रसंगही तसाच आला. अमरावतीला माझ्या भाचीचं, प्राजूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. आमच्या घरची रीत अशी की मुलीनं मामानं आणलेला शालू नेसूनच पाटावर बसायचं. शालू नाही तर पाट नाही! हिरवागार शालू बॅगेत, बॅगेवर मी, आणि शेजारी पायी चालणारी माझी बायको नलू.

"आवो, शालू माया पिशवीत द्या. तुमचा भरवसा नाई."

"अवं, मी सोता त्याच्यावर बसून हावो! बँकेच्या लॉकरले असा पहारा नसते!"

फलाटावर ही गर्दी! पुढं एक मावशी टोपलं घेऊन चालल्या होत्या. मी लेकीच्या नियमाप्रमाणे गोड आवाज दिला, "मावशी, तुमच्या डाव्या बाजूनं येऊन रायलो!" मावशी दचकून डावीकडेच वळल्या. मी उजवीकडे घेतली, त्याही उजवीकडे. शेवटी टोपलं खाली आपटून त्या म्हणाल्या, "आता कोनीकडं मरू थे तरी सांग!"

पुढं आणखी कठीण. आमच्या वऱ्हाडात माणसाला नुसतं 'जरा सरकता का भाऊ' म्हणून निघून जाता येत नाही. तो सरकतो, पण आधी विचारतो, "कुठी चालले?" मग साक्षगंध कुणाचं, पोरगा काय करते, जेवणात काय हाय! प्रत्येकाला उत्तर देत देत मी गोगलगायीला लाज वाटेल अशा वेगानं चाललो होतो.

"मी पायी पुढं पोचली," नलू लांबून ओरडली, "अन् तुमी इंजन लावून मागं!"

तेवढ्यात समोर आले एक बाबूजी. पांढरं धोतर, हातात काठी, वय नव्वदीच्या पुढं कुठंतरी.

"बाबूजी, जरा बाजूनं जाऊ काय?"

त्यांनी मला टोपीपासून चाकापर्यंत न्याहाळलं. "म्हातारा मानूस पायी, अन् तू बसून? अकोल्यात असंच असते काय बे?"

सगळा फलाट माझ्याकडे बघू लागला. आता सांगा, वडीलधारा उभा आणि आपण बसलेले, हे ऐकून माझा बाप स्वर्गातून चप्पल फेकणार नाही? मन 'नको, नको' म्हणेपर्यंत तोंड म्हणून गेलं, "बसा बाबूजी!"

"चालते कसं?"

"हे दाबलं की चालते, सोडलं की थांबते."

बाबूजींनी पहिलं अर्धंच ऐकलं. खटका दाबला आणि सुटले!

"सरका! सरका बे! थांबत नाई हे!"

माझ्या विनंत्यांना जे गाव हललं नव्हतं, ते क्षणात भिंतीला चिकटलं! तेवढ्यात गाडी लागली. पार पुढच्या डब्यापाशी बाबूजींच्या दोन पुतण्यांनी त्यांना बॅगेसकट उचलून आत घेतलं. मी लंगडत ओरडतोय, "बाबूजी! शालू!" गाडी हलली. नलूनं मला मागच्या डब्यात कोंबलं. बाबूजी आणि मी यांच्यामध्ये अख्खा अकोला जिल्हा उभा होता. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरून बघतो, तर ना बाबूजी, ना बॅग!

अमरावतीच्या हॉलच्या दारात बहीण उभीच. "दादा, शालू कुठी हाय?"

"थे... बाबूजीले बसाले देल्ला."

"शालू?"

"बॅग, शोभा. शालू तिच्यातच हाय."

"कोन बाबूजी?"

"नाव नाई विचारलं. पन मान लय ठेवला मी त्यायचा!"

आत प्राजू साध्या ड्रेसवर रडतेय, पाट मांडलेला, पोराकडचे घड्याळ बघतायत. नलू माझ्याकडे बघतच नव्हती. (तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.)

आणि बाहेरून आवाज आला, "सरका! सरका बे!"

पाहुणे दोन्ही बाजूंना उडाले. बाबूजी सतरंजीवरून सुसाट आले आणि थेट पाटाला ठोकर देऊन थांबले. पोराकडचे सगळे ताडकन उभे. "आबाजी आले!" माझे बाबूजी म्हणजे नवरदेवाचे सख्खे आजोबा!

नलू धावली. "आबाजी, जरा उठा, तुमच्याखाली नवरीचा शालू हाय!"

"मंग?" आबाजी छाती फुगवून म्हणाले, "मायावानी जपून कोनं आनला असता?"

प्राजू पाटावर बसली. मामाचाच शालू, थोडा कोमट.

पण शालू निघताच आबाजी परत बॅगेवर! वरपक्षाच्या आजोबांना 'उतरा' म्हणायचं कुणी? शोभानं माझ्याकडे असं पाहिलं की मी हात जोडले. "आबाजी, बॅग तुमीच ठेवा. फक्त मागून आले की आवाज देत जा. चालणाऱ्याचा मान पहिला!"

आबाजींनी शब्द पाळला. लग्नात मी मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांना अत्तर लावत उभा होतो. पाठीमागून अगदी गोड, सभ्य आवाज आला, "मामा, तुमच्या डाव्या बाजूनं येऊन रायलो!"

मी दचकून डावीकडेच वळलो. आता डाव्या गुडघ्याचंही फाटक बंद आहे.