घरात माणसं किती?

टक्केकाकांना टक्केकाका का म्हणतात, हे गल्लीत कुणाला विचारावं लागत नाही. पाच मिनिटं त्यांच्याशी बोललात की कळतंच. दूधवाला उशिरा आला तर हा माणूस चिडत नाही, ओरडत नाही. ‘या महिन्यात अकरा वेळा, म्हणजे सदतीस टक्के,’ एवढंच सांगतो आणि तो बिचारा शिव्या खाल्ल्यासारखं तोंड करून निघून जातो. चौतीस वर्षं सरकारच्या सांख्यिकी खात्यात काढली काकांनी. देशात माणसं किती, कामावर किती, रिकामी किती, हे सगळं त्यांच्या टेबलावरून पुढे जायचं. निवृत्त झाले त्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तेव्हापासून काकांना जगातलं काहीच धड कळेनासं झालं.

खोटं नाही सांगत. नोकरीत असताना आकडा आला की विषय संपायचा. आता सकाळी बागेतल्या बाकावर वकीलसाहेब पेपर उघडून बसतात आणि तिथून डोक्याला भुंगा लागतो. परवाचीच गोष्ट. बेकारी कमी झाली म्हणून पहिल्या पानावर बातमी. सत्तेतले म्हणत होते आमच्यामुळे झाली आणि विरोधातले तोच आकडा हातात धरून देश बुडाला म्हणत होते.

“तुम्ही तर खात्यातले. खरं कोण बोलतंय, सांगा बघू,” वकीलसाहेब म्हणाले.

“दोघंही.”

“असं कसं?”

“अहो, काम शोधून शोधून जो थकला आणि ज्याने शोधायचंच सोडलं, त्याला बेकारांत धरत नाहीत. व्याख्याच तशी आहे.”

“मग त्याला धरतात कशात?”

चौतीस वर्षांत हा प्रश्न काकांना कुणी विचारला नव्हता. “कशातच नाही,” ते पुटपुटले. वकीलसाहेब पोट धरून हसले. काका मात्र घरी जाईपर्यंत त्या थकलेल्या माणसाचाच विचार करत राहिले. आता हा माणूस राहत कुठे असेल, काय करत असेल, काही म्हणता काही उलगडेना.

पण काकांचा खरा गुंता पेपरातला नव्हताच. तो घरातला होता.

झालं असं, की मागच्या निवडणुकीच्या वेळी काकांनी बाकावर छाती ठोकून अंदाज वर्तवला होता. “आमच्या घरातली दोन मतं तर धरूनच चाला,” असंही म्हणाले होते. घरी आल्यावर बायकोला कौतुकाने हे सांगितलं. ती खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “दोन नाही, एक धरा.”

“म्हणजे? तू यंदा मत दिलं नाहीस?”

“दिलं की. माझं मला हवं तिथे दिलं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

घ्या! अवघी दोन माणसांची पाहणी, तीही स्वतःच्या घरातली, आणि चाळीस वर्षं उत्तर निम्मं चूक! काकांनी चेष्टेवारी न्यायला हवं होतं. ते न करता ते म्हणाले, “मग मला कधी सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही मला धरूनच चाललात.” पुढे आवाज चढला नाही की भांडी आपटली नाहीत. भांडण म्हणावं तर तेही नाही. चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला, जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. बायकोने बॅग भरली आणि ती गेली.

लेकीचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. बायको काही परत आली नाही. आता ती रागावून राहिली आहे की नातीत रमून राहिली आहे, हे काकांना कळायला काही मार्ग नव्हता. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, बरं, ठेवते. काकांनी घड्याळ लावून पाहिलं होतं, सरासरी दोन मिनिटं दहा सेकंद. रागावलेलं माणूस रोज फोन करत नाही. पण न रागावलेलं माणूस दोन मिनिटांत ठेवतही नाही! ‘कधी येतेस?’ एवढं विचारायला काकांची जीभ रेटत नव्हती. विचारलं आणि ‘बघू’ म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. त्यांना तिची आठवण यायची, फार यायची, आणि आली की ते टीव्ही मोठा करायचे.

अशात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दारावरची बेल वाजली. जनगणनेच्या कामावर आलेली शाळेतली बाई होती. खांद्याला पिशवी, हातात फॉर्मचं पॅड, बोटं शाईने माखलेली. काकांना असा आनंद झाला, जणू माहेरचं माणूस दारात आलं. तिला बसवलं, पाणी दिलं, फॉर्म उलटून पाहिला. “हा चौथा रकाना आमच्या वेळी सातवा होता,” वगैरे सांगून झालं. बाई समंजस होती, हसून ऐकत होती.

“बरं काका, घरात माणसं किती?”

“दोन,” काका सवयीने म्हणाले.

“काकू बाहेर गेल्यात का?”

“मुलीकडे.”

“किती दिवस झाले?”

इथे काका अडकले. दिवस त्यांना तोंडपाठ होते, एकशे एक्याण्णव. आणि नियमही तोंडपाठ होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता. सहा महिने किंवा जास्त काळ घराबाहेर राहिलेल्या माणसाला त्या घरात धरायचं नाही. बैठकीत कुणीतरी एक वर्षाची मुदत ठेवा म्हणत होतं, तेव्हा काकांनीच टेबलावर पेन्सिल आपटून म्हटलं होतं, “सहा महिने जो घराकडे फिरकला नाही, तो घरचा कसला?” सगळे हसले होते. नियम पास झाला होता.

‘पाच महिने’ असं बेधडक ठोकून द्यावं, असं एकदा मनात आलं. बाईला काय कळणार होतं? पण खोटे फॉर्म भरणाऱ्यांची काकांनी जन्मभर हजेरी घेतली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“एकशे एक्याण्णव,” ते म्हणाले.

बाईने बोटांवर हिशोब केला आणि तिचा चेहरा पडला. “मग काका, नियमाप्रमाणे... एकच लिहावं लागेल. त्यांना तुमच्या मुलीच्या घरी धरलं असेल.”

बरोबर होतं. अगदी काट्यावर बरोबर. तरी काकांनी फॉर्मवर हात ठेवला. “थांबा,” ते म्हणाले, “दोनदा मोजणी नको व्हायला. विचारून घेतो.” दोनदा मोजणीचं निव्वळ निमित्त होतं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक होतं.

सकाळच्या वेळी त्यांचा फोन पाहून बायको घाबरलीच. “अहो, काय झालं? बरे आहात ना?”

“बरा आहे गं. जनगणनेवाल्या बाई आल्यात. तुझं नाव तिकडे लिहून नेलं का?”

“नाही.”

“नाही कसं? आले नव्हते का तिकडे?”

“आले होते की, मंगळवारी. जावईबापू माझं नाव सांगायला लागले, तर मीच म्हटलं, मला इथे लिहू नका, मी पाहुणी आहे. आमच्या घरी लिहितील. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य त्यात गेलंय, ते विसरायचे नाहीत.”

काकांनी मनात हिशोब मांडला. तिथे लिहिलेली नाही. इथे त्यांच्याच नियमाने लिहायची नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या मोठ्या बेरजेत त्यांची बायको कशातच नाही. आणि ती तिकडे निवांत बसली होती, घरी लिहितील म्हणून.

“अहो, ऐकताय ना? का गप्प झालात?”

“तू... तू आली का नाहीस गं अजून?”

ती म्हणाली, “तुम्ही ये म्हणालात कुठे? रोज फोन करते मी. रोज वाटतं, आज म्हणतील.”

“मला वाटलं, तू रागावलीस.”

“होतेच रागावलेली. पंधरा दिवस.”

“ये ना गं,” काका म्हणाले. समोर परकी बाई बसली होती, तिच्यादेखत त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. “घर खायला उठतं. ये तू.”

“येते,” ती म्हणाली. “घ्यायला या रविवारी.”

फोन ठेवून काका परत खुर्चीत बसले. “दोन लिहा,” ते म्हणाले.

“पण काका, सहा महिन्यांचा नियम...”

“ज्याने लिहिला त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, बाई. तुम्ही दोन लिहा. विचारलंच कुणी, तर माझ्याकडे पाठवा.”

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि दोन लिहिले. खाली सहीच्या रेघेवर छापलं होतं, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. असले लाखो फॉर्म काकांच्या हाताखालून गेले होते, पण ते वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. मग सही केली आणि रविवारची पहिली गाडी किती वाजता आहे ते बघायला उठले.