उजमाची इर्जिक

गारखेड्यात उजमा शेख नक्की काय करते, हे विचारायला जाऊ नका. कोणी म्हणेल शिक्षिका आहे, कोणी म्हणेल एनजीओवाली. तिच्या सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, की आमची सून दुसऱ्याचा पैसा तिसऱ्याला मिळवून देते. म्हातारीनं थट्टेत म्हटलं खरं, पण नेमकं बोलली. आटलेला ओढा, गाळानं भरलेलं तळं, उजाड टेकडी, असं कुठं काही दिसलं की उजमा त्यासाठी पैसा शोधायला लागते. कंपन्यांचा सीएसआर, ट्रस्ट, फाउंडेशन, कोणाला पाण्याचं कौतुक, कोणाला पक्ष्यांचं, सगळं तिला तोंडपाठ. एकदा नकार आला की आपण तोंड पाडून घरी बसतो. ही बाई म्हणते, चला, निदान ओळख तरी झाली. असल्या चिवट माणसाला काय म्हणावं?

वैजापूरच्या पुढं एक आडबाजूचं गाव आहे. तिथल्या माळावर पूर्वी कमरेइतकं गवत असायचं, हरणांचे कळप यायचे, गावाची गुरं वर्षभर त्याच चाऱ्यावर जगायची. पुढं तिथं वेडी बाभूळ माजली. काट्यांनी माळ असा गिळला की शेळी आत शिरायला भ्यायची. गावकऱ्यांनी उजमाला गाठलं आणि ती कामाला लागली. पण गवतासाठी पैसा मागणं म्हणजे डोकेफोड. झाडं लावा म्हणणारे शंभर भेटले. एका कारखान्याच्या साहेबांनी तर पाच हजार रोपं आणि वर नावाचा फलक देऊ केला. उजमानं हात जोडून नको म्हणून सांगितलं. माळावर झाडांची गर्दी केली तर गवत कुठं जाईल आणि हरणं कुठं जातील, एवढा साधा सवाल होता तिचा. त्या दिवशी घरी नवऱ्यानं, जावेदनं, कपाळावर हात मारला. आलेली लक्ष्मी परत पाठवायला काळीज लागतं, आणि ते तिच्याकडं होतं.

दोन-तीन वर्षांच्या पायपिटीनंतर पुण्याची एक संस्था गवतासाठी पैसे द्यायला कबूल झाली. बुंधे मुळासकट काढायला मशीन, देशी गवताचं बियाणं, राखणदाराचा पगार, सगळं देणार होती. अट एकच. आधी गावानं स्वतःच्या हातानं माळाचा एक कोपरा साफ करून दाखवायचा. ते बघायला श्रेया नावाची त्यांची अधिकारी येणार होती. कोपरा झाला तर पैसा, नाही तर तो पैसा दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

उजमाला वाटलं, ह्यात काय अवघड? गावात इर्जिक आहेच की. एखाद्याचं काम अडलं की अख्खा गाव मजुरी न घेता त्याच्या रानात राबतो आणि ज्याचं काम तो सगळ्यांना जेवू घालतो, ही ती इर्जिक. संक्रांत झाल्यावर तिनं पारावर बैठक घेतली, श्रेया येणार तोच रविवार ठरवला आणि मोठ्या उत्साहानं सांगून टाकलं की जेवणाची काळजी नको, जेवणाचा खर्च संस्थेच्या पैशातून मिळेल, फक्त आलेल्यांची हजेरी लावू. माणसं माना हलवून उठून गेली. उजमाला वाटलं, झालं काम.

रविवारी सकाळी माळावर चिटपाखरू नव्हतं. उजमा एकटी उभी, हातात नवा कोरा कोयता. ऊन चढलं तरी कोणी फिरकेना. शेवटी ती रामकिसनच्या दारात गेली. ह्याच रामकिसननं तिला पहिल्यांदा गावात आणलं होतं आणि आता तोच नजर चुकवत होता. बोलली ती त्याची आई, मनकर्णाबाई.

"हजेरी मजुरांची लागती, मॅडम. अन् जेवण इकत आणून दिलं तर ती इर्जिक कशाची? आमाला काय भुकेकंगाल समजल्या व्हय?"

इतकी वर्षं देणाऱ्यांची मनं सांभाळली, आणि घेणाऱ्यांचं मन आपणच दुखावलं, हे उजमाला लई लागलं. तिनं तिथंच ओसरीवर बसून श्रेयाला फोन लावला. कोणी आजारी आहे, देवाचा कार्यक्रम निघाला, असं काहीही सांगता आलं असतं. तिनं सरळ सांगितलं की आज कोणी आलं नाही, चूक माझी आहे, उद्या या. उद्या सकाळी येते, श्रेया म्हणाली, पण त्यानंतर मला थांबता येणार नाही.

मग उजमा मनकर्णाबाईंकडं वळली. "मावशी, इर्जिक कोणाला घालता येते?"

"ज्याचं काम त्याला."

"आणि ह्या माळाचं काम कोणाचं आहे?"

म्हातारीनं उजमाच्या पायांकडं बघितलं. सरकारी गायरान, म्हणजे सगळ्यांचं आणि कोणाचंच नाही. मग म्हणाली, "चपला तर तुह्याच झिजल्या. तुहंच म्हणावं लागंल."

झालं! उजमानं जावेदला फोन केला. त्या भल्या माणसानं एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही. घरातल्या डब्यातलं पीठ, तुरीची डाळ, सासूबाईंनी जपून ठेवलेलं तूप आणि बाजारातली वांगी घेऊन तो दुपारी मोटारसायकलवर हजर झाला. तोवर उजमा घरोघर फिरत होती. गवताचं नाव नाही, संस्थेचं नाव नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणायची, उद्या माझी इर्जिक आहे, माझ्याकडं जेवायला या. कोणी हो म्हणालं, कोणी नुसतं ऐकून घेतलं. चंपाबाईनं तर दार पुढं लोटलं. उद्या किती जण येतील, ह्याचा काही अंदाज लागेना.

सकाळी मनकर्णाबाईंच्या अंगणात चूल पेटली. उजमा बट्ट्यांचं पीठ मळायला बसली, पण कान सगळे रस्त्याकडं. कोणीच आलं नाही तर आज माळही जाणार आणि आपला शब्दही जाणार, ह्या धास्तीनं तिचे हात थांबत होते. तेवढ्यात हलगी वाजली. पुढं रामकिसन, मागं कुऱ्हाडी अन् कोयते घेतलेली माणसं, आणि सगळ्यात मागं चंपाबाई, डोक्यावर स्वतःच्या घरची परात घेऊन. एवढ्या बट्ट्या तुझ्या ताटलीत मावणार हायत का, असं उजमालाच दटावत ती चुलीपाशी बसली. उजमानं पदरानं डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

श्रेया आली तेव्हा कोपरा निम्मा मोकळा झाला होता. आलेल्यांची नावं लिहून घ्यायची का, असं तिनं विचारलं. उजमा म्हणाली, माणसं मोजू नका, मोकळी झालेली जमीन मोजा. कोपरा पुरा झाल्यावर श्रेयानं टेप काढला, जमीन मोजली आणि मग बूट काढून पंगतीला बसली. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी उजमा जेवली, यजमानासारखी. महिनाभरात मशीन आलं.

ज्वारी काढणीला आली तेव्हा रामकिसनचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकच वाक्य. "उजमाताई, गुरुवारी माझ्या रानात इर्जिक हाय."

त्याच गुरुवारी मुंबईत एका बड्या ट्रस्टच्या साहेबांनी तिला भेटीची वेळ दिली होती. ह्या भेटीसाठी तिनं वर्षभर फोन केले होते. उजमानं त्यांच्या ऑफिसला कळवलं की गुरुवारी जमणार नाही, पुढची तारीख द्या. समोरच्या माणसानं कारण विचारलं.

"माझ्या इर्जिकीला आलेत ते लोक," ती म्हणाली. "आता मला जायलाच पाहिजे."

गुरुवारी उन्हं तापायच्या आत ती रामकिसनच्या रानात ओळीला लागली, मनकर्णाबाईंच्या शेजारी. ज्वारी उपटून उपटून हाताला फोड आले. हजेरी कोणीच घेतली नाही.