अमेरिकेची रोजनिशी आणि आईला पत्र

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना एक खूळ सुचले. शाळेच्या कपाटातले एकेक पुस्तक प्रत्येकाने घरी न्यायचे, महिनाभर कोणाच्याही मदतीवाचून वाचायचे आणि मग वर्गापुढे उभे राहून त्याविषयी बोलायचे. तोवरचे आमचे इंग्रजी म्हणजे अर्थाच्या वह्या. मास्तर ओळ वाचून अर्थ सांगत, आम्ही तो उतरून घेत असू आणि परीक्षेत ओकून मोकळे होत असू. अर्थ न सांगता वाचायला लावणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणे, असे वर्गाचे मत पडले. आमच्या कोकणात पोहायला असेच शिकवतात, पण ते मी बोललो नाही. बोललो असतो तरी कोणी ऐकले नसते.

विलायतेची पुस्तके हुशार मुलांनी आधीच पळवली. माझी पाळी आली तेव्हा अमेरिकेच्या जुन्या पुस्तकांचा खालचा खण तेवढा उरला होता. कोणी साहेब मायदेशी परतताना ती शाळेला देऊन गेला होता. त्यातले माझ्या हाती आलेले पुस्तक काळपट चामड्याच्या बांधणीचे होते आणि त्याची पहिली पाने गळाली होती, त्यामुळे पुस्तकाचे नाव कळेना आणि लिहिणाराचेही.

आईवडील कोकणात गावी होते आणि मी शिकायला म्हणून मुंबईत, ठाकूरद्वारच्या एका वाडीत काकांकडे राहत होतो. काकू दुष्ट मुळीच नव्हती, पण सोवळे कडक. पुस्तक पाहताच ती उंबऱ्यातूनच म्हणाली, “चामडं आहे ते. आत आणू नकोस हो.”

तेव्हापासून ते पुस्तक गॅलरीत, जोड्यांच्या फळीवर राहिले आणि वाचायचे असेल तेव्हा मीही तिथेच. वाचून झाले की हातपाय धुऊन आत यायचे. आत चुलतभाऊ एकमेकांच्या खोड्या काढत, हसत. खाली वाडीतल्या विहिरीवर बायकांची गर्दी असे, रस्त्यावरून ट्रामच्या घोड्यांच्या टापा ऐकू येत. सगळीकडे माणसेच माणसे, आणि मला फार एकटे वाटे. पुस्तक नव्हते तेव्हाही मी बाहेरच होतो म्हणा. जेवायची हाक कधी चुकली नाही, पण मी काही बोलू लागलो तर ते संपेपर्यंत थांबणारे त्या घरात कोणी नव्हते.

ते पुस्तक म्हणजे विलायतेहून अमेरिकेच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा वस्तीला गेलेल्यांपैकी एका बाईची रोजनिशी होती. पहिली दोन पाने कळायला मला चार दिवस लागले. शब्दकोशात दर ओळीला डोके घालायचे, वर मान काढीपर्यंत ओळ हरवलेली. मग हळूहळू बाई दिसू लागली. रानातले लाकडी घर, हाडे गोठवणारी थंडी, शेजारी कोसभर लांब. हिवाळ्यात तिचे तान्हे मूल गेले आणि जमीन इतकी कडक झाली होती की पुरायला तीन दिवस लागले. त्याच आठवड्यात तिने समुद्रापलीकडे आपल्या आईला पत्र पाठवले, त्याची नक्कल रोजनिशीत होती. पत्रात लिहिले होते की आम्ही सर्व सुखरूप आहोत, बाळ बाळसे धरते आहे.

मला तिचा भयंकर राग आला. वर्गात बोलायची पाळी आली तेव्हा मी तो राग सगळा ओतला. मास्तरांनी विचारले, “बाईनं आईला खोटं का लिहिलं असेल?”

“भेकड होती म्हणून,” मी म्हणालो.

मास्तर “बरं, बस,” एवढेच बोलले.

बाईला भेकड म्हणून घरी आलो आणि आठवले, मीसुद्धा वर्षभर तेच करत होतो. ‘येथील सर्व क्षेम’ यापलीकडे माझ्या एकाही पत्रात काही नव्हते. त्याच दुपारी, जोड्यांच्या फळीशेजारी बसून, मी पत्र लिहिले. एरवी पत्र वडिलांच्या नावे असे, हे मी तीर्थरूप मातोश्रींच्या नावे लिहिले. मला इथे फार एकटे वाटते, माझ्याशी कोणी बोलत नाही, मी दिवसच्या दिवस गॅलरीत बसतो, तू मला परत बोलाव. दोन पाने भरली आणि धीर ओसरायच्या आत टपालपेटीत टाकली.

आईला अक्षरओळख नव्हती. पत्र कोणाच्याही नावाचे असो, वडील ते ओटीवर बसून मोठ्याने वाचत आणि आई दाराआड उभी राहून ऐके. हे मला जन्मापासून माहीत होते, तरी लिहिताना मी ते साफ विसरलो.

पंधरा दिवसांनी वडिलांचे कार्ड आले. पत्र पावले, मातोश्रीस वाचून दाखविले, त्यांस समाधान झाले, अभ्यास नीट करणे.

समाधान झाले! ते कार्ड हातात धरून मी रडलो. सगळे ऐकूनही आईला काहीच वाटले नसेल, तर आता या जगात सांगायचे कोणाला? पुढचे तीन महिने मी पुन्हा ‘सर्व क्षेम’ लिहिले, आणि तेही रागाने.

मे महिन्यात आगबोटीने घरी गेलो. आईशी तुटकच वागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील ओटीवर सुपारी कातरत होते. आई माजघरात माझ्याजवळ येऊन बसली. लुगड्यांच्या घडीतून तिने एक कागद काढला. घड्यांवर तो विरला होता.

“माझ्या नावाचं आयुष्यात आलेलं हे एकच पत्र,” ती म्हणाली. “यांच्याकडून मागून घेतलं. आता तुझ्या तोंडून ऐकव. ते काकू पहिल्या भातावर तूप वाढते, सगळे तुला मध्ये घेऊन बसतात, ते.”

मी कागद उलगडला. ‘आई, मला इथे फार एकटे वाटते.’ अक्षर माझेच होते. ओटीवरचा अडकित्ता थांबला.

“आई,” मी वाचू लागलो, “काकू मला पहिल्या भातावर तूप वाढते. जेवताना सगळे मला मध्ये घेऊन बसतात.”

“हं,” आई डोळे मिटून म्हणाली. “पुढे?”

पुढे दीड पान होते, आणि वडिलांनी त्यातून आईला काय काय वाचून दाखवले होते ते मला ठाऊक नव्हते. मी कागद उलटून पाहिला. तेवढ्यात ओटीवरून, मान न वळवता, वडील म्हणाले, “ते चौपाटीवर फिरायला नेतात, ते आहे बघ त्यात. ते वाच.”

मग मी चौपाटीचे वाचले.