तांब्याची नळी

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणाला नमुन्यासकट समजून घ्यायची असेल तर त्यानं कळमनुरीजवळच्या आमच्या घरी यावं. मी समुद्राकाठच्या एका गॅस प्रकल्पात नोकरी करतो. कोणत्या पाइपाला कोणता धातू चालेल हे ठरवणं माझं काम. सडक्या अंड्यांचा वास मारणारा गॅस तांब्या-पितळेला खाऊन टाकतो, हे मी नव्या लोकांना इतक्यांदा ऐकवलंय की ते माझी नक्कल करतात.

आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा आमच्या शेणाच्या गॅसची प्लास्टिकची नळी मला बघवेना. इंजिनिअरच्या घरी हे असलं? नांदेडहून चकचकीत तांब्याची नळी आणली आणि स्वतः बसवली. शेणाच्या गॅसलाही तोच सडका वास असतो. नाकाला कळत होता, पण डोकं बहुतेक प्रकल्पातच राहिलं होतं. लोक बघायला येत होते आणि मी फुगत होतो.

यंदा खंडेनवमीला घरी पोचलो. विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा झाली होती. मायनं त्या नळीलाही हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. फूल सरकवलं तर खाली नळी काळीठिक्कर, पापुद्रे सुटलेले, बारीक भोकं पडलेली. गॅसची चावी बंद होती.

माय मागच्या पडवीत चुलीवर भाकरी करत होती. तिला दमा आहे. तिला धूर नको म्हणूनच तर घरी गॅस घेतला होता.

"माय, कधीपासून बंद हाय?"

"यंदा पावसाळा लागला तवाच पेटायचा बंद झाला."

"मग फोनवर काहून सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू बाबा? सारा गाव म्हनतो, हिचा लेक पायपाचा इंजिनिअर. त्यायच्या कानावर गेलं तर हसतीन न तुला." पुढचं खोकल्यात गेलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार महिने धूर गिळला होता, माझी अब्रू झाकायला. फोनवर मी दर वेळी विचारायचो, गॅस कसा चाललाय, आणि शाबासकीची वाट बघायचो.

तेवढ्यात शेजारचे चुलते आले. "काय वहिनी, लेकाचा गॅस बराबर चालून राहिला का?"

"व्हय, एकदम बराबर," म्हणत मायनं चुलीवरचाच चहा आणून दिला. तिचे डोळे लाल झाले होते. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तिनं मानेनंच नको म्हटलं.

"व्हय काका," मी म्हणालो, "बराबर चाललाय."

चहाला धुराचा वास येत होता. काकांनी एक घोट घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं हाय," आणि कप रिकामा करून उठले.