सतरा नंबरचा प्लॉट

प्रेमलाबाई भोयर यांनी चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर १० मधल्या एकाच क्वार्टरमध्ये संसार केला, आणि त्या घरातला एक खिळासुद्धा त्यांच्या मालकीचा नव्हता. नळ गळला की तक्रार लिहायची, प्लांटचा माणूस यायचा. नवरा शामसुंदरराव प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क. क्वार्टर मिळालं तेव्हा अलॉटमेंट लेटर आलं, दुसऱ्या दिवशी किल्ली हातात. घर असंच मिळतं, हे शामसुंदररावांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

म्हणून रिटायरमेंट जवळ आल्यावर शहराबाहेर कुम्हारी गावात प्लॉट घेतला, तेव्हाही त्यांनी एवढंच पाहिलं की अलॉटमेंट लेटर आहे, शिक्का आहे, नंबर सतरा. विकणारा हर्षल त्यांच्याच सेक्शनमधल्या मारोतरावांचा मुलगा. प्रेमलाबाईंनी रजिस्ट्रीचं विचारलं, तर शामसुंदरराव भडकले. "लेटर देलं ना त्यानं! आपल्याच पोरावर शक घेतेस?"

दीड वर्ष गेलं. क्वार्टर सोडायला दोन महिने उरले, आणि हर्षल कुम्हारीच्या नगरपालिकेत पार्षदकीच्या निवडणुकीला उभा राहिला. प्रेमलाबाई एकट्याच बसने जाऊन पटवाऱ्याला भेटल्या. त्याच्या कागदावर जमीन अजून शेतच होती, तीही दुसऱ्याच कोणाच्या नावावर. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पटवाऱ्याचं रेकॉर्ड जुनं असते." मग त्या हर्षलच्या प्रचार ऑफिसात गेल्या.

"इतक्या उन्हाच्या कावून आल्या काकू? टेन्शन मत लो. मी निवडून आलो की रस्ता, रस्ता झाला की रेट डबल. विकायचं असलं तर मीच विकून देतो."

"मले विकायचं नाही रे बाबा, राहायचं आहे."

"मग निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिली रजिस्ट्री तुमची. फक्त रविवारच्या सभेत दोन शब्द बोला. प्लांटवाल्यांवर लोकांचा भरोसा आहे."

"मी नाही बोलत."

"नका बोलू. काका बोलतील."

आणि काका बोलले. सभा त्याच जमिनीवर होती, चुन्याच्या रेघा मारलेल्या. मांडवाच्या कडेला प्लॉटच्या बुकिंगचं टेबल. खुर्सीपार वस्तीतली, प्लांटमध्ये ठेक्यावर काम करणारी कुटुंबं टेम्पो भरून आणली होती. शामसुंदररावांनी इस्त्रीच्या शर्टात उभं राहून लेटरचा नंबर, तारीख सगळं वाचून दाखवलं. खोटं एक अक्षर नाही. टाळ्या पडल्या.

प्रेमलाबाईंच्या शेजारी खुर्सीपारची रेणू बसली होती, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. "तुमचे मिस्टर ना हे? मग तर पक्कंच," म्हणत ती टेबलाकडे जायला उठली.

गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. आणि प्रेमलाबाईंना कोणाशी भांडायचं त्राणही नव्हतं. तरी त्यांनी रेणूचा पदर धरला.

"थांब. आधी रजिस्ट्री माग."

"तुमची झाली ना?"

"नाही झाली."

"मग काकाजी खोटं कावून सांगून राहिले?"

स्टेजवर शामसुंदररावांच्या गळ्यात हार पडत होता. पुष्कळ दिवसांनी ते इतके खुश दिसत होते.

"खोटं नाही सांगत ते," प्रेमलाबाई म्हणाल्या. "फसले आहेत." पुढच्या रांगेतल्या तीन बाया वळल्या.

रेणू टेबलाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रजिस्ट्री कब होगी, भैया?" टेबलावरचा माणूस चाचरला. मागच्या दोघांनी काढलेले पैसे परत खिशात घातले, मग आणखी कोणी, मग रांगच मोडली. हर्षलने स्टेजवरून नेमकं प्रेमलाबाईंकडे पाहिलं. रागावला नाही, नुसती मान हलवली. पहिली रजिस्ट्री कोणाची होणार नाही, ते त्यांना कळलं.

शामसुंदरराव हारासकट खाली आले. "काय बोललीस तू लोकाइले?"

घरी गेल्यावर भांडण व्हायचंच होतं. प्रेमलाबाई टेबलापासून परतलेल्या रेणूकडे वळल्या.

"खुर्सीपारले दोन खोल्या भेटतील का गं भाड्यानं? खालच्याच पाहिजेत. यांचे गुडघे दुखतात."