चीनप्रमाणे वसवावे, ही नम्र विनंती

शाळेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात, आणि रिटायर झाल्यावरही झटकले जात नाहीत. मी मोताळ्याकडच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या चार आणि मास्तर सात. त्यामुळे गप्पा बहुतेक उभ्यानंच व्हायच्या, आणि त्यातल्या निम्म्या वानखडे सरांवर.

वानखडे सर भूगोल शिकवायचे. अंगात एकच कोट, नोकरी टेंपररी. एप्रिलमध्ये सुटायची, जूनमध्ये परत लागायची. लग्न ठरलेलं होतं, पण मुलीचे वडील म्हणाले होते, "कायमची ऑर्डर दाखवा, मग तारीख काढू." दोन वर्षं ती मुलगी तिकडे आणि हे इकडे. पोस्टमन आला की सर हातातला चहा खाली ठेवायचे. आम्ही चिडवायचो, पण खरं सांगतो, वाईट वाटायचं.

* * *

सरांना वेड होतं जुन्या शहरांचं. पडक्या शहरांचं नव्हे. हजारो वर्षं जुनी, आणि ज्यांत माणसं अजून राहतात, अशी. त्यात त्यांचा जीव चीनवर. लोयांग, सियान, सुचौ, कैफेंग ही नावं ते घरच्या माणसांची घ्यावी तशी घ्यायचे.

एकदा मला म्हणाले, "मास्तर, या चार शहरांचा मोठा तक्ता करून द्या." मी सियानचा तटबंदीचा कोट काढला, चांगले बुरूज काढले, रंग भरले. सरांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"माणूस कुठं राह्यते याच्यात?"

"अहो, हा राजाचा कोट आहे."

"राजा मेला. कोटावर कपडे वाळू घाला. इकडे थोड्या मिरच्या."

मी रागारागात मिरच्या घातल्या. पुढे इन्स्पेक्शनला सगळ्यात जास्त तारीफ त्या मिरच्यांची झाली. मी कोणाला सांगितलं नाही.

* * *

पोरांना जुनं शहर कळावं म्हणून सर सातवीला पायी रोहिणखेडला घेऊन गेले. जुनी मशीद दाखवली. मशिदीच्या आसपासची घरं, दारातली बाजली, बांधलेल्या शेळ्या, तेही दाखवलं. म्हणाले, "लोयांग असंच समजा. फक्त मोठं."

सहामाहीच्या पेपरात अकरा पोरांनी लिहिलं, "लोयांग हे शहर रोहिणखेडजवळ आहे."

सरांनी अकरा जणांना अर्धे मार्क दिले. हेडमास्तर भडकले. "अर्धे कशाचे? शून्य द्या."

सर शांतपणे म्हणाले, "अंतर चुकलं सर. बाकी त्यायले समजलं."

* * *

गफूरभाई हा सावळी गावचा पिंजारी. शाळेच्या व्हरांड्यात बसून बोर्डिंगच्या गाद्या पिंजत होता. आत वानखडे सर कैफेंग शिकवत होते. पिवळ्या नदीला पूर आला, अख्खं शहर गाळाखाली गेलं, लोक परतले आणि त्याच जागेवर, गाळाच्या वर, पुन्हा शहर उभं केलं. असं एकदा नाही, कितीदा तरी.

बाहेर पिंजण्याचा आवाज बंद पडला. गफूरभाई खिडकीशी आला.

"मास्तर, मंग गल्ल्या?"

"मोठे रस्ते जुन्याच्याच वरून गेले म्हणतात."

"आन् शेजारी?"

सर थांबले. "ते पुस्तकात नाही लिहिलं, गफूरभाई. पण गल्ली तीच असली तर शेजारी काऊन बदलतीन?"

वर्ग हसला. गफूरभाई हसला नाही. सावळी गाव धरणात जाणार होतं. नव्या जागेवर प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळणार, असं ऐकण्यात होतं. गफूरभाईचं आणि तुळशीराम पाटलाचं घर एका भिंतीचं. भिंत मधे, पण मिठाचा डबा दोन्ही घरांत फिरायचा. आता कोण कुठे जाईल याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी त्यानं एका गादीत कापूस कमी भरला. त्याच्या हातून असं कधी होत नसे.

* * *

मग चीनची लढाई सुरू झाली. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "आजपासून या शाळेत चीन नाही."

"भूगोलात आहे, सर," वानखडे म्हणाले.

"भूगोलातही नाही. फारच गरज पडली तर 'उत्तरेकडचा देश' म्हणा."

माझा तक्ता भिंतीकडे तोंड करून टांगला गेला. दोन दिवसांनी पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्या मिरच्या वाळल्या काय?" सर फळा पुसत राहिले. त्याच महिन्यात कायमच्या ऑर्डरी निघणार होत्या. त्यांनी सगळ्या वर्गांना नद्या शिकवायला घेतल्या. त्याही फक्त विदर्भातल्या.

* * *

आणि नेमका तेव्हाच सावळीचा अर्ज बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात पोचला. साठ अंगठे, आणि वर स्वच्छ अक्षरात: "आमचे गाव चीनमधील कैफेंग गावाप्रमाणे वसवावे, ही नम्र विनंती. अधिक माहिती वानखडे मास्तर देतील."

सरांना बोलावणं आलं. हेडमास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सोबत जा. तक्ता तुमचाच आहे." म्हणजे बुडायचं तर दोघांनी! तक्ता चादरीत गुंडाळून आम्ही एसटीत बसलो. घाटभर सर एवढंच बोलले, "मास्तर, तिच्या वडिलांले काय लिहू?" मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ऑफिसात गफूरभाई आणि तुळशीराम पाटील आधीच उभे होते. साहेबांनी अर्ज वर धरला. "लढाई चालू आहे, आणि तुम्हाला चीनचा पुळका?"

सर पांढरे पडले. गफूरभाई पुढे झाला.

"मास्तरचा काही कसूर नाही साहेब. त्यायनं फक्त शिकवलं, अर्ज आमचा हाये. आन् पुळका तं बिलकुल नाही. माह्या भावाचा पोरगा तथीच लढून राह्यला."

साहेबांनी अर्ज खाली ठेवला. "मग चीन कशाला लिहिलं?"

"त्यायचं गाव नदीनं बुडवलं, साहेब. नदीले काही समजत नाही, तरी गल्ल्या जागच्या जागी राह्यल्या. आमचं गाव सरकार बुडवून राह्यलं. सरकारले तं समजते."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग म्हणाले, "चीन खोडा. 'जुन्या गावाप्रमाणे' लिहा. जुन्या गावाचा नकाशा आहे?"

नकाशा कोणाकडेच नव्हता. वानखडे सर पहिल्यांदा बोलले. "पंधरा दिवसांत देतो."

दोन रविवार सातवीची पोरं सावळीत पावलं मोजत फिरली. घर, गोठा, पिंपळाचा पार, विहीर, सगळं कागदावर आलं. शाई मी भरली. यावेळी मिरच्या न सांगता घातल्या. साहेबांनी नकाशावर 'याप्रमाणे वसवावे' असं लिहून सही केली.

* * *

सरांची ऑर्डर त्या महिन्यात आली नाही. पुढच्या जूनमध्ये आली. लग्नाची गादी गफूरभाईनं पिंजली, आणि कापूस दुप्पट भरला. सर म्हणायचे, त्या गादीवर झोप लागत नाही, बुडायला होते.

* * *

पुढे बऱ्याच वर्षांनी गफूरभाईच्या नातवाच्या लग्नाला मी नव्या सावळीत गेलो. तोवर सर बदली होऊन गेले होते. वेशीजवळच एक बाई अंगणात भांडी घासत होती. तुळशीराम पाटलाची धाकटी सून. तिला गफूरभाईचं घर विचारलं.

"आमच्या घराले लागूनच हाये, गुरुजी. हा आमचा गोठा झाला. घर तिकडं. सरळ जा, पिंपळापासून डाव्या हाताले वळा."

मी गेलो. गावाच्या टोकापर्यंत गेलो. पिंपळ काही दिसला नाही. परत आलो.

"बाई, पिंपळ सापडत नाही."

तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि पुढे चालू लागली. मी विचारलं, "तुम्ही जुन्या सावळीच्या काय?"

"नाही जी. मी चिखलीकडची. लग्न होऊन आली तवा धरण भरलं होतं. जुनं गाव म्या पाह्यलंच नाही."

एका मोकळ्या कोपऱ्यावर ती थांबली. तिथे झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, साधा दगडही नव्हता.

"हे काय. इथून वळा."

"अहो, पण पिंपळ कुठं आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. एवढा शिकलेला माणूस आणि याला एवढंही कळू नये, असं तिला वाटलं असावं.

"पिंपळ पान्यात हाये, गुरुजी. वळन इथं हाये."