गोकुळ वायरमनची पाठ

खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर लाईन गेली की गोकुळ वायरमनला फोन यायचा. गाडी जिथवर जाईल तिथवर गाडीने, पुढे खांबावर चढायचा पट्टा खांद्यावर टाकून पायी. बावीस वर्षं तो खांबावर चढत होता. शेवटची चार वर्षं कंबर धरायची, डाव्या पायात कळ जायची. चोळून घेतलं, गोळ्या खाल्ल्या, पट्टा जरा वर बांधला, पण काम थांबवलं नाही.

दिवाळीनंतर एकदा तो आणि बायको नीता बाजारातून घरी चालले होते. नीताने मागून हाक मारली. गोकुळची डावी चप्पल वीसएक पावलं मागेच राहिली होती, आणि त्याला कळलंही नव्हतं.

"पायाला चप्पल कळत नाही, तर खांबावर कसा चढतोस?" नीता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी नाशिकची एसटी धरली. एमआरआयमध्ये दिसलं, की कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय. पायाची ताकद चालली आहे, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत चढता येईल का, एवढंच गोकुळने विचारलं. आधी पाय वाचवू, चढायचं तीन महिन्यांनी बघू, असं उत्तर आलं. ते काही त्याला रुचलं नाही, तरी त्याने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सने कुशीवर वळून उठायला शिकवलं. पायातली कळ गेली होती. घरी मात्र वाकायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं चालायचं. गोकुळ खांब मोजत चालू लागला. पहिल्या आठवड्यात दोन खांब जाऊन परत, मग पाच. वाटेत सैल तार दिसली की हात शिवशिवायचे.

सहाव्या आठवड्यात शेजारच्या पोश्याची भाताची गोणी उचलायला तो वाकला आणि तिथेच बसला. तीन दिवस अंथरुणात होता. सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं, अशी भीती त्याला वाटत होती. डॉक्टरांनी पुन्हा बोलावून तपासलं. नस मोकळी होती, फक्त स्नायू आखडला होता. परत दोन खांबांपासून सुरुवात झाली.

मार्चमध्ये त्याला टाचांवर चालता आलं, म्हणजे पायात ताकद परत आली होती. डाव्या पायाचा अंगठा तेवढा बधिर राहिला. जपून चढायला डॉक्टरांनी परवानगी दिली. तरी गोकुळ स्वतःहून इंजिनिअरसाहेबांकडे गेला.

"साहेब, कोरड्या खांबावर चढतो. पावसात ओल्या खांबावर नाही चढणार. अंगठ्याला कळत नाही."

कामाला नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती. बोलताना मान खाली गेली. साहेबांनी थोडा विचार करून पावसाळ्यात त्याला लाईन तपासायला फिरवायचं ठरवलं. कुठल्या तारेला कुठलं झाड घासतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात बाजारातल्या खांबावर तो चढला. पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. तुटलेली तार जोडून खाली आला तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या, कंबर ठीक होती. कोपऱ्यावर चहा घेतला आणि पिठाच्या गिरणीची तक्रार होती, तिकडे निघाला.